रकाना नसलेली वेल

चितवनच्या कार्यालयाबाहेर, सावरीखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली वीट.
मी अर्ज लिहितो. पानाला तीस रुपये,
जखमी असेल तर वीस,
मेलेल्याचे घेत नाही. चहा पाजला तर पितो.

सुनकेशरी बोटे पाचव्यांदा आली
तेव्हा पिशवीत सगळं होतं:
मृत्यूचा दाखला, नात्याचा दाखला, वॉर्डाची शिफारस,
सात अंगठ्यांचा पंचनामा,
आणि जितमानचा विळा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
विळा लागत नाही, मी म्हटलं.
असू दे, म्हणाली. विचारलंच तर.

हल्ला करणारा प्राणी: गेंडा, मादी, पिलासह.
वेळ: सकाळचे साडेसहा, धुकं.
कारण: गवत कापण्यास गेला असता.

एवढंच?
लिही ना, की आधी गवत दारात होतं,
म्हशीचं हंबरणं ऐकू येईल एवढ्यावर.
मग बनमारा आली.
(रानाला मारणारी, असं नावच तिचं.)
खैरावर चढली, सिसवावर चढली,
गवताच्या डोक्यावरून हिरवं पांघरूण ओढून घेतलं
आणि खाली सगळं गुदमरून पिवळं.
म्हैस तिला तोंड लावत नाही. गेंडाही नाही.
म्हणून उरलेल्या एका पट्ट्याकडे
दोघंही निघाले, आमचा माणूस आणि ती.
दोघांच्याही मागे पोरं होती.

मी नमुना उलटून पाहिला.
वेलीला रकाना नव्हता.

आत खरिदार खतिवडा.
घटनास्थळ नदीपलीकडे, म्हणजे उद्यानात,
म्हणजे मयत विनापरवाना.
साहेब, भाद्रपदातल्या पुरात नारायणीच सरकली,
ती जागा आमच्याच काठाची.
हद्द म्हणजे नदी, ते म्हणाले,
नदी जिथे, हद्द तिथे.
बोटे तर पिढीजात नावाडी,
नदी ओलांडणं हा त्यांचा गुन्हा कधी झाला
ते त्यांना कुणी कळवलं नव्हतं.
सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात.
नदी तेवढी थांबली नाही.

माणूस वाईट नाही.
गेंड्याची कातडी असं आपण उगाच म्हणतो.
त्या कातडीच्या घडीत माशी चावते,
रक्त येतं, मी पाहिलंय.
खतिवडांच्याही डोळ्यांत पाणी आलं.
त्याच पाण्यानं बोट ओलं करून
त्यांनी पान उलटलं.

मग मार्गशीर्षात काठमांडूहून कापडी फलक आला,
बनमारा उन्मूलन पंधरवडा.
वनखातं म्हणायचं ही वेल शेतीखात्याची,
शेतीखातं म्हणायचं वनाची,
तीन वर्षं अशी पत्रं चालली, तोवर ती
दोघांच्याही खिडक्यांवर पोचली होती.
पांढरे हातमोजे घालून फोटो झाले.
तोडलेल्या वेली वाटेकडेला टाकल्या.
प्रत्येक पेराला आठवड्यात मुळं.

उपटायला बायका हव्या होत्या, रोजावर.
यादीत क्रमांक एकोणीस: सुनकेशरी बोटे.
कामाचं ठिकाण: नदीपलीकडे, गट चार.
गट चार म्हणजे तीच जागा.
पासावर तोच शिक्का, तीच निळी शाई,
सही खतिवडांची.

दहाव्या दिवशी ती टेबलाशी उभी राहिली,
नखांत हिरवं.
हा पास जोडता येईल का अर्जाला?
तिथं जायची परवानगी आहे बघ.
फक्त तारीख पुढची पडलीय.

मी टाचणी लावली.
कारणाच्या रकान्यात पुन्हा तेच चार शब्द मावले,
म्हणून समासात शिरलो,
कागद फिरवून उभं लिहीत वर चढत गेलो,
गवत, म्हैस, दारापासूनची पावलं,
नदी आधी कुठं होती ते,
मथळ्यातल्या 'श्रीमान' पर्यंत पोचलो, तिथं जागा संपली.

अर्ज अजून परत आलेला नाही.
ही चांगली खूण की वाईट, तिनं विचारलं.
मला माहीत नाही.
चहा प्यायलो.
विळा मात्र तिनं मागून घेतला,
वर्तमानपत्र टेबलावरच टाकून:
उद्या कामाला लागेल, म्हणाली,
खात्याचे विळे बोथट आहेत.