शनिवारची पस्ती

उत्तरायण होऊन आठवडा झाला तरी
गॅलरीच्या तारेवर कुणाचातरी मांजा लोंबतोय.
तोच ओढून घेऊन मी वर्तमानपत्रं बांधतोय:
एक मराठी, एक गुजराती,
आणि ते गुलाबी कागदाचं, जे जयेंद्रभाई
वाचून झालं की वरच्या मजल्यावरून खाली पाठवतात,
नफ्यातल्या कंपन्यांखाली हिरव्या शाईच्या रेघा मारून.

सोमवारी दूरच्या एका ग्रहावर पाणी सापडलं.
मथळ्यात 'सापडलं'. सातव्या ओळीत 'असावं'.
मी सवयीने आधी सातवी ओळच शोधतो.
चौतीस वर्षं गोरव्याच्या औषध कारखान्यात
बॅचच्या कागदावर 'पास' लिहून सही करायची नोकरी.
माणसाचा मथळ्यांवरचा विश्वास उडतो.

"तिथे असेल तर असू दे पाणी," मंदाकिनी म्हणाली,
"इथे उद्या येणार नाहीये. टाकी भरून ठेवा."

महागाई उतरली म्हणे.
कागदावर उतरली, आमचा जिना मात्र चढून आली:
खंडेराव मार्केटातून तुरीची डाळ घेऊन
ही दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा
पिशवी हलकी होती आणि धाप तेवढीच.
व्याजाचा दर पाव टक्का खाली.
मी वहीत गुणाकार मांडला. आमच्या ठेवीवर तो महिन्याला
हिच्या थायरॉइडच्या गोळ्यांएवढा भरला.
बरोब्बर नव्हे. जवळपास.

मग रक्तदाबाची हद्द सरकली.
रात्री निरोगी झोपलो होतो,
सकाळी चहाच्या कपापाशी हद्दीपलीकडे उठलो.
शरीर तेच, आकडा तोच,
रेघ तेवढी कुणीतरी हलवली,
आपण झोपेत असताना शेजाऱ्याने कुंपण सरकवावं तशी.
हे मी सुरसागरच्या कट्ट्यावर ऐकवलं.
सगळे हसले. दवेकाकांनी तर टाळी दिली.

गुरुवार, पान सात, एक कॉलम, नऊ ओळी,
फर्निचरच्या सेलच्या जाहिरातीखाली:
कुठल्याशा राज्यात खोकल्याच्या औषधाची बॅच परत मागवली.
'खबरदारी म्हणून.'
हे मी कट्ट्यावर सांगितलं नाही.

एक्क्याण्णवचा मार्च. वर्षअखेर. गोदामाशी ट्रक उभा.
माझ्या वहीत आकडा एकोणनव्वद पूर्णांक सात.
हद्द नव्वद.
पारेखसाहेब दारातून आतही आले नाहीत.
"चालशे, गुप्ते," एवढंच,
आणि त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.
मी पूर्णांक केला.
शाळेत शिकवतात तसा. अर्ध्याच्या वर असलं की वरचा.
तीन दशांशांनी कुणाचा खोकला अडतो?
पिवळं, गोड सरबत होतं, मुलं चमचा चाटायची.

काही झालं नाही.
काही झाल्याचं कळलं नाही.
ही दोन वाक्यं वेगळी आहेत
आणि माझी सही पहिल्याखाली आहे.

गाठ मारताना मांज्याने बोट कापलं.
काच अजून तिखट आहे, आठवडाभर उन्हात राहूनही.
ही आतून ओरडली, "सुतळी नव्हती का घरात?"

खाली इस्माईलची हातगाडी आली आहे.
त्याच्या काट्याची सुई शून्याच्या जरा अलीकडे उभी राहते.
एरवी मी ती बोटाने दाखवतो,
तो हसतो, स्क्रू पिळतो,
मागल्या शनिवारी जिथे होती तिथेच ठेवतो.
आज मी गप्प.
"चार किलो आणि वर थोडं," तो म्हणाला,
"चारच धरू, काका?"

धर.

फाडून घेतलेल्या नऊ ओळी सदऱ्याच्या खिशात आहेत.
त्यांच्या वजनाचा तराजू कारखान्यात होता,
काचेच्या पेटीतला, कुणी बोललं तरी हलणारा.
त्याच्यापुढे आम्ही
श्वास धरून बसायचो.