पंचाहत्तर किलोचा माणूस

कंपनीचा इतिहास दोन पानांत बसवा, म्हणाले नवे मालक,
फोटोंना जागा सोडून.
मी सव्वीस वर्षं चाचणी विभागात होते, म्हणून मला सांगितलं.
शिवाय उरलंय कोण.

तर लिहिते.
तिबिलिसीत, मत्क्वारीच्या डाव्या काठाला,
बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात
प्लातोन गेगेलियांनी पहिली लिफ्ट जुळवली.
लाकडी केबिन, आत बाक, बाकासमोर आरसा.
महिनाभर दोरांना साबणाचा वास येत होता म्हणे.

मग वरून हुकूम आला.
आमच्या धंद्यात सगळं वरून येतं किंवा वर जातं.
गेगेलियांना रात्री नेलं.
सकाळी दोन पोरं कानस घेऊन शहरभर हिंडली,
लिफ्टांच्या पितळी पाट्यांवरचं त्यांचं नाव घासत.
नवीन नाव पडलं : कारखाना क्रमांक सात.
पहिले सहा कुठे, कुणी विचारलं नाही.

हे दोन पानांत बसत नाही.

मी लागले तेव्हा एकोणीसची होते. काम सोपं.
वीस-वीस किलोची बिडाची वजनं
केबिनमध्ये रचायची, माणसांऐवजी.
नियमावलीत माणूस पंचाहत्तर किलोचा :
तीन वजनं आणि वर पंधराचा एक तुकडा.
तो तुकडा म्हणजे डोकं, लामारा म्हणायची.
आम्ही वजनांना नावं ठेवायचो, दोन्ही अर्थांनी.
सगळ्यात गंजकं ते पार्टीचे सचिव.
चौघांना असं उभं करून दोर सैल सोडायचा
आणि बघायचं, पकडीचे दात रुळांत रुततात का.
रुतायचे.
हे मात्र छापा : आम्ही पास केलेली
एकही केबिन कधी पडली नाही.

पुढे भुयारी रेल्वेसाठी सरकते जिने.
ओतिया पायऱ्यांच्या खाचा मोजायचा,
आणि जेवणाच्या सुट्टीत
चाचणीच्या जिन्यावर उलटा चालायचा,
जागच्या जागी, सिगारेट संपेपर्यंत.

मग देश बदलला आणि वीज गेली.
पगार म्हणून माल दिला. कुणाला बटणं, कुणाला आरसे.
ओतियानं चौदा पायऱ्या घेतल्या,
इमेरेतीला गावी नेल्या,
परसातल्या उतारावर एकीवर एक बसवल्या.
कोंबड्या चढतात-उतरतात.
खाचांत द्राक्षाची पानं अडकतात, तो काडीनं काढतो.

आम्ही शहरातले मात्र बादल्या घेऊन
आपणच बनवलेल्या लिफ्टशेजारून जिने चढत होतो.
त्या हिवाळ्यात अख्ख्या तिबिलिसीत
पंचाहत्तर किलोचा माणूस नव्हता.
लामाराला उचलायला आम्ही दोघीच पुरलो.
दोन वजनं, फार तर.
वर गेली, असं म्हणतात.
आम्ही तर तिला आठ मजले खाली आणली,
प्रत्येक वळणावर टेकवत.

वीज परतली तेव्हा रहिवाशांनी
केबिनमध्ये पैशाचे डबे बसवले.
वर जायला नाणं, खाली यायला फुकट.
अजून तसंच आहे पुष्कळ ठिकाणी.

दोन पानं दिली काल. त्यांनी वरती
मोठ्या अक्षरांत छापलंय : नेहमी उंचीकडे.
गेगेलियांच्या जागी लिहिलंय, एक होतकरू अभियंता.

परतताना सोलोलाकीत एका जुन्या घरी गेले.
तिथली पाटी पोरांच्या कानशीतून सुटली होती,
कुणीतरी आधीच तिच्यावर हिरवा रंग फासलेला.
हातातल्या नाण्यानं खरवडत बसले.
प्ला निघालं. तो निघालं.
तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, लिफ्ट सोडा!
नाणं डब्यात टाकावं लागलं,
कडेला हिरवा रंग लागलेलं.

डब्यानं घेतलं.
दार लागलं. आत मी एकटी,
नियमापेक्षा बावीस किलो कमी.