दोनशे वीस जास्त

हिशोब जुळत नाही.
कमी पडले असते तर समजलं असतं,
हे दोनशे वीस जास्त भरतायत.

सेलूत मोंढ्याच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान माझं,
लाईट गेलेली, मशीन गार,
काचेवरच पिशवी उलटी केली
तर नोटांच्या आधी वाळू पडली.
वाळूसुद्धा चौघांत वाटायची म्हटलं तर
मुनाफच्या वाट्याला जास्त जाईल,
तो पँटीसकट लोळला होता.

अडीच अडीच हजार काढले होते प्रत्येकी.
त्यातले निम्मे एसटीच्या चार दिवसांच्या पासात,
जाता येता दोन रात्री लाल डब्यात,
गेवराईच्या पुढं शिवलिंगचं डोकं माझ्या खांद्यावर
आणि माझं खिडकीच्या गजावर.
दिवेआगरला उतरलो तेव्हा
समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला.
हणमंता म्हणला, जिनिंग सुरू हाय का रं इथं कुठं?
पाळी करणाऱ्याला दुसरं काय आठवणार.

मग पळालो.
शिवलिंगनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं,
थुंकला, पुन्हा घेतलं.
आपल्या बोअरचंच पाणी की हे!
ह्याच्यासाठी कामून आलो एवढ्या लांब?
आणि संध्याकाळपर्यंत बाहेर निघाला नाही.
एका शहाळ्यात चार नळ्या घातल्या,
उंटावर कोणीच बसलं नाही,
उंटासोबत फोटो मात्र लांबून काढला, फुकट.

रात्री खोलीत, एका पलंगावर दोघं, खाली दोघं,
मी मोबाईलच्या उजेडात वही काढली.
पुटपुटलो असेन,
मी बेरीज तोंडानं करतो, सवय आहे.
उद्या जेवलो तर कमी पडतील, असं काहीतरी.
सगळे झोपलेले होते.
म्हणजे मला वाटलं, झोपलेले होते.

दुसऱ्या दिवशी खानावळीत
दोन मच्छीची ताटं, शिवलिंगचं साधं.
हणमंता बाहेरच बाकड्यावर बसला,
घरून आणलेली भाकर, ठेचा, फडकं मांडीवर.
तुमी खा रे. मला मासं जमत न्हाई,
पोट बिघडतं.
मुनाफनं त्याच्या वाट्याचीही सोलकढी पिली.
मी वहीत चार ताटं लिहिली,
आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती.

आत्ता, दुपारी अडीच वाजता,
लाईट नसलेल्या दुकानात,
मला दुधना आठवली.
नदीकाठी वाढलेला हा पोरगा,
आठवीत शाळा बुडवून गळ टाकायचा,
माशाचं डोकं चोखून चोखून
काटे वर्गपाटीसारखे ओळीनं मांडायचा.
ह्याला मासं जमत नाही!

परत येताना पुण्यात पैसे उरले होते.
वडापाव खाल्ले, चहा दोनदा घेतला,
तो खिडकीतून खाली उतरलाच नाही.
मला विचारलं फक्त,
भागलं का रं?
मी म्हणलो, भागलं.

चार वाजता लाईट आली.
एक बाई सातबाऱ्याची कॉपी काढायला आल्या.
कागदभर बारीक काळे ठिपके.
भाऊ, हे काय?
पुसतो ताई, वाळू आहे.
वाळू कुठली?
समुद्राची, म्हणलो,
त्यांनी माझ्याकडं बघितलं
आणि दुसरी कॉपी नीट तपासून घेतली.

दुकान लवकर बंद केलं.
पैसे परत द्यायला गेलो तर घेणार नाही,
नोंद चुकली असंल तुझी, म्हणेल,
आणि मी कधी चुकत नाही हे त्याला ठाऊक आहे.
म्हणून पुलाजवळ गेलो,
धरणाचा रोहू, किलोभर, दोनशे वीसला.
एवढंसं भाव केलं नाही.

जिनिंगच्या मागच्या खोलीत
त्यानं कागद उघडून बघितला,
माझ्याकडं बघितलं नाही.
विळी घेतली, खवले काढू लागला.
हातावर, फरशीवर, माझ्या चपलेवर
चकचकीत उडायला लागले.
लई दिसांनी, म्हणला.

ताट वाढलं
तेव्हा डोकं त्यानं माझ्या ताटात टाकलं.
मला डोकं खाता येत नाही.
तरी बसलो चोखत.