हातचा

टिप्टनच्या कालव्यामागे आमची शॉप.
शंभर टनांची प्रेस दिवसाला चार हजार बिजागऱ्या पाडते.
तिच्यापुढे उभं राहणाऱ्याचं पोट हातावर असतं,
आणि हात तिच्या जबड्यापासून वीतभर.

शुक्रवार, पावणेसहा. डाय बदलून झाली होती.
आयसोलेटरच्या दांड्यात सहा भोकांची पोलादी पट्टी,
तिच्यात सकाळी पाच कुलपं होती, ज्याचं त्याने लावलेलं.
बोझेनाने निळं काढलं, मी पिवळं,
दोघा शिकाऊ पोरांनी आपापलं काढलं.
लाल तेवढं राहिलं.
त्याच्यावर बायकोच्या नेलपॉलिशने काढलेला टी.
टिमिन्स घरी गेला होता.

गॅरेथ बोल्ट कटर घेऊन आला.
सोमवारी सकाळी ट्रक उभा राहील दारात, म्हणाला,
आणि मी डोळ्यांनी पाहिलंय त्याला बसमध्ये चढताना.
मी म्हटलं, उतरताना पाहिलंस का?
डबा विसरला म्हणून माणूस परत येतो.
चष्मा विसरला म्हणून येतो.
प्रेसच्या मागे वाकून एखादा नट शोधत असतो
आणि कुणाला सांगत नाही.

त्याने शिवी दिली. कटर मात्र खाली ठेवला.
बोझेना टॉर्च घेऊन मागे जाऊन आली.
मागे कुणी नव्हतं. तरीही मी फोन लावला.

एकोणीसशे एकोणऐंशीत टिमिन्स एकवीसचा होता.
नगामागे दर मिळायचा, म्हणून गार्ड तारेने वर बांधलेला,
सगळ्यांनीच बांधलेला, फोरमनच्या देखत.
बटण बंद केलं होतं, असं तो आजही सांगतो.
पण बंद केलेलं फ्लायव्हील
भांडण मिटल्यावरच्या रागासारखं
फिरतच राहतं बराच वेळ.
डाव्या हाताची करंगळी गेली, आणि तिच्या शेजारची.
तिला आमच्या भाषेत अनामिका म्हणतात, मी एकदा सांगितलं,
म्हणजे जिला नाव नाही ती.
तो चहा ढवळत म्हणाला,
मग हरवल्याची तक्रार कुणाच्या नावाने लिहायची?

आता दोन बटणं आहेत, हातभर अंतरावर.
दोन्ही तळवे एकदम टेकले तरच रॅम उतरतो:
प्रेस आधी हजेरी घेते हातांची.
समोर उजेडाचा पडदा. मध्ये बोट गेलं की थांबते.
तरी मार्चमध्ये कुणीतरी एका बटणावर
नाणं चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं सापडलं.
दोन पेन्सचं.

सव्वासहाला टिमिन्स आला, सपाता घालून,
हातात कागदात गुंडाळलेले चिप्स.
गार झाले तुमच्यापायी, म्हणाला.
गळ्यातली साखळी बाहेर काढली.
तिच्यात एक चावी आणि लग्नाची अंगठी,
जी त्या बोटाबरोबर गेली होती
आणि कापून काढावी लागली होती; पुन्हा जोडली,
तिचा सांधा अजून दिसतो.
कुलूप उघडून खिशात टाकलं त्याने.
गॅरेथकडे पाहिलं नाही.
चिप्स मात्र त्याच्यापुढे धरले.

घरी पोचलो तेव्हा शर्वाणी बेरजा करत होती.
सात आणि पाच बारा, दोन लिही, हातचा एक.
हातचा कुठे ठेवू, तिने परवा विचारलं होतं,
शाळेत तर वहीच्या कोपऱ्यात लिहितात.
मी म्हटलं होतं, बोटावर. एक बोट मिटून ठेव,
विसरणार नाहीस.

तिसऱ्या गणितात विसरली होती.
एक बोट मिटलेलं तसंच, आणि उत्तर दहाने कमी.
मी खोडरबर दिला.
वहीत चालतं.