कारणाचा रकाना

रकाना दोन बोटं रुंद, एक बोट उंच.
वर छापलंय : बेकारीचे कारण.
सातपूरची कचेरी, खिडकी तीन.
पेनाला सुतळी, सुतळी खिळ्याला,
आणि जाळीपलीकडे गायधनी साहेब.
माणूस वाईट नाही.
म्हणाले, बाई, विचार करून लिहा.
संप लिहिलंत तर पैसे नाहीत.
टाळेबंदी लिहिलीत तर वरून विचारतील, कोणामुळे.
काढून टाकलं लिहिलंत तर मिळतील,
तीन महिने, अर्ध्या पगाराने.
मग चष्मा पुसत :
पण काढलंय हे तुम्हीच मान्य केलंत
असं उद्या कोर्टात कोणी म्हटलं
तर माझं नाव घेऊ नका.

अठरा वर्षं मी कॉइल गुंडाळते.
अंबड, दोन नंबर गेट, वाइंडिंग सेक्शन.
केसाएवढी तांब्याची तार,
एका कॉइलला बाराशे चाळीस वेढे.
मशीन मोजतं. मीही मोजते.
दोनदा मशीन चुकलं होतं.

त्या दिवशी पहिल्या पाळीला पोचलो
तर गेटला साखळी.
सहा चाळीस.
शैला खैरनारचा डबा अजून गरम होता,
तिने माझे हात ओढून त्यावर ठेवले,
निफाडकडून वारं येत होतं.
घोषणा आम्ही सातला दिल्या.
दिल्या, हे खरं.
कंपनी म्हणते, सातला संप झाला
म्हणून सव्वासातला साखळी.
वॉचमनच्या रजिस्टरात त्या तारखेचं पान
पाण्याने भिजलंय,
तेवढंच पान.
आणि लहानू भोये, ज्याने साखळी लावली,
त्याला पेठला गावी पाठवलंय,
तिथे रेंज नाही.

आयुक्तांच्या दारात मी कामगार,
तारखेला हजर.
कंपनीच्या कागदात स्वखुशीने गैरहजर.
मुलगा शाळेचा फॉर्म भरताना विचारतो,
आईचा व्यवसाय काय लिहू?
म्हटलं, जागा सोड, नंतर बघू.

मधे सहा दिवस मोहाडीला गेले, द्राक्षाच्या पॅकहाऊसला.
घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही,
वरची पांढरी पावडर पुसली की माल परत.
माझी बोटं तारेवर वाढलेली,
पहिल्याच दिवशी जमलं.
सातव्या दिवशी वकिलाच्या फायलीत माझा फोटो :
डोक्याला जाळीची टोपी, हातात घड.
ही बाई बेकार नाही, याचा पुरावा.
फोटोत मी हसतेय.
शेजारची काहीतरी बोलली होती,
काय ते आता आठवत नाही.

दर महिन्याला पगारातून कापायचे.
स्लिपवर बारीक अक्षरात, अठरा वर्षं.
कापताना
कारणाचा रकाना नव्हता.

बोरस्तेअण्णा मीटिंगला म्हणाले,
कोणी काही लिहायचं नाही.
एकेक जण लिहील आणि एकेक जण जाईल.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
शैलाने जोरात वाजवल्या.

खिडकीच्या कट्ट्यावर अर्जांचा गठ्ठा.
सगळ्यात वरचा,
र ची शेपटी लांब ओढलेली.
हे अक्षर मी ओळखते,
पाळी बदलताना कॉइलवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून.
दोन बोटांच्या रकान्यात
तिने नीट बसवलं होतं :
कामावरून काढून टाकले.
तिची मोठी यंदा नर्सिंगला आहे.

मी पेन घेतलं. सुतळी पुरेना, वाकले.
लिहिलं, सकाळी सहा चाळीस.
गायधनी म्हणाले, बाई, ही वेळ झाली.
कारण लिहा.
म्हटलं, तुमच्या रकान्यात एवढंच बसतं.
ते काही बोलले नाहीत,
शिक्काही उचलला नाही.

मागे रांग सरकली. वळून पाहिलं,
दोन माणसं सोडून अण्णांचा भाचा उभा होता,
मान उंच करून.
पेन जागेवर ठेवता ठेवता
मी वरचा अर्ज
पालथा केला.