तीनशे ग्रॅम

गुरुवारी वजनं.
येवल्याहून अंदरसूलकडे जाताना, कालव्याच्या अलीकडे
आमचं शेड: पत्रा, सिमेंटची गव्हाण,
आणि जोसेफ पगाऱ्यांकडून उसना आणलेला काटा,
जो अजून परत गेलेला नाही.

दोन गाळे, नऊ नि नऊ.
मका आणि शेंगदाण्याची पेंड, पोटभर.
पोटभर म्हणजे पोटभर, मी कधी हात आखडला नाही.
तरी कानफाटी चौतीस किलोवर बसली
ती बसलीच.
जंतांचं औषध झालं,
सासूबाईंनी दाराला बिब्बासुद्धा बांधला.

डॉक्टर अंत्रे आले,
डुकरांकडे बघायच्या आधी नाक वर केलं.
"डोळे चुरचुरतात ना इथं?
हे तुमच्या पेंडीचे पैसे, मालनबाई.
मुतावाटे चाललेत."

माहेरी मामा पैठणीचा पदर विणायचे.
जांभळ्याची कांडी संपली
की मोर मानेशी थांबायचा.
पेटीत लाल ढीगभर, जर ढीगभर,
आणि मोराला मान नाही.
मामा तिथं दुसरा रंग भरत नसत,
चहा पीत बसत.
डुकराचं अंग असंच हट्टी विणकर
(हे डॉक्टर नाही म्हणाले, मी म्हणते).
फक्त मामा उरलेलं रेशीम जपून ठेवायचे.
डुकराला पेटीच नाही.

लायसिन. पिवळसर रवाळ, दिसायला काहीच नाही.
शंभर किलोत तीनशे ग्रॅम,
भाजीच्या काट्यावर तोलून,
आधी दोन मुठी भरड्यात, मग ढिगात.
पेंड उलट दोन घमेली कमी!
विश्वास बसेना, म्हणून एकाच गाळ्याला घातलं.

तीन गुरुवार.
तिकडे दिवसाला साडेसहाशे ग्रॅम वाढ,
इकडे चारशेही नाही.

मग मला हाव सुटली. सहाशे ग्रॅम घातलं.
काही म्हणजे काही झालं नाही.
डॉक्टर फोनवर हसले: आता थ्रिओनिन कमी पडतंय.
म्हणजे मान झाली,
आता पिसाऱ्याच्या हिरव्याला अडलो.
मामा असते तर म्हणाले असते, टाक चहा.

रात्री त्या गाळ्यात उभी राहते तेव्हा
डोळ्यांना पदर लावावा लागत नाही.
परवा कानफाटीलाही तिकडे हलवलं.
आज गुरुवार. काटा चौतीसवर थरथरला
आणि पुढे गेला.
किती, ते लिहीत नाही.
बया नीट उभी राहीना.