तवे, पेटीसकट अकरा किलो

मिशन दवाखान्याचं भंगार आलं
तेव्हा काट्यावर मीच होतो.
खाटा, सलाईनचे स्टँड, टवके उडालेली तामचिनीची भांडी,
एक पाय नसलेली तपासणीची खुर्ची,
आणि सगळ्याच्या खाली, गोणपाटात,
पेटी.

जालन्यात भंगार म्हणजे लोखंड.
बाकी जे येतं त्याला आम्ही घाण म्हणतो,
वजनातून वजा करतो.
मुश्ताकभाईनं झाकण उचकटलं.
"तवे हैं," म्हणाला, "भट्टी में नक्को डालो,
खाली धुआँ होता."
अकरा किलो. आठच्या भावानं अठ्ठ्याऐंशी.
मी नव्वद दिले. वरचे दोन त्यानं परत दिले नाहीत,
मीही मागितले नाहीत.

पाकिटांवर माणसं.
चौघं, एकाच ताग्यातले कोट,
केस चापून बसवलेले,
जणू एकाच नवरदेवाचे भाऊ.
कडेला पाचवा, बसलेला,
मांडीवर आडवी पेटी, तिच्यावर तारा.
चौघं आपल्याकडं बघतात.
तो हाताकडं.

शांतवन बोर्डे, त्याच दवाखान्याचे रिटायर कंपाउंडर.
पाकीट पाहिलं आणि चष्मा शोधायला लागले,
चष्मा डोळ्यांवरच होता.
"सदर्न," म्हणाले. "दक्षिणेकडलं. त्यांची दक्षिण.
तिकडं बी कापूसच."
मग बराच वेळ काही नाही.
मग: गोरे डॉक्टर, रविवारची रात्र, बंगल्याची उघडी खिडकी,
आणि मेंदीच्या कुंपणात बारा वर्षांचे ते,
डास चावतायत अन् हात हलवायची सोय नाही.
पुढं दाराची एक फळी, सायकलच्या ब्रेकच्या तारा
आणि जिनिंगच्या फाटकाबाहेर सापडलेला
सळईचा चार बोटं तुकडा,
विटेवर घासून घासून गुळगुळीत केलेला.
फळी गेली. तारा गेल्या.
तुकडा अजून खिशात असतो, किल्ल्यांबरोबर.

यंत्र मिळायला पावणेदोन महिने लागले.
परभणीहून आणलं, तर त्याची सुई मेलेली.
सुई शहागंजात, एका घड्याळवाल्याकडं,
तीसुद्धा त्यानं जन्मपत्रिका विचारल्यासारखं
सगळं विचारून मग दिली.

आधी नुसती चरचर.
तवाच तो, तापायला वेळ घेणार.
मग चौघं, देवाला हाका मारणारे,
मला एक शब्द कळेना.
आणि मग तो पाचवा.

कसं सांगू.
मिलमध्ये पहिल्या दिवशी मी पाहिलं होतं:
रोलमधून लाल सळई सुटते,
सरळ व्हायच्या आधी एकदा वळवळते,
आणि तेवढ्या वळणापुरती
ती लोखंड नसते.
तसा सूर.
इथून तिथं उडी न मारता
मधलं सगळं अंतर पायी जाणारा.

काका स्वतःच्या चपलेकडं बघत होते.

तिसऱ्या गाण्यात सुई अडकली.
तोच शब्द, पुन्हा तोच,
"घर म्हणतोय," काका म्हणाले,
सात वेळा, आठ वेळा, घर, घर,
पुढं जाईना.
मी उठणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून तुकडा काढला,
टेबलाच्या कडेवर टेकवला
आणि सरकवत नेला, आवाज न करता,
सनमायका जिथं उखडलाय तिथपर्यंत.
थांबले. जरासा मागं घेतला.
"बरोबर?" मला विचारलं.
मला काय कळतंय.
मी हो म्हणालो.

एकतीस तवे. पाकिटं बत्तीस.
ज्याच्यावर तो पाचवा एकटाच आहे,
ना चौघं, ना कोट,
नुसती मांडी, तारा आणि हात,
ते पाकीट रिकामं.
आत फक्त कुणीतरी पेन्सिलनं लिहिलेली तारीख,
आणि ती पण अर्धी.

आता गाडी काट्यावर चढली
की आकडा स्थिर व्हायच्या आत
मी गोणपाटं उचलून पाहतो.
"क्या ढूंडरै रोज-रोज?" मुश्ताकभाई खालून ओरडतो.
काही नाही.
घाण किती, ते बघतोय.
वजा करतो. लिहितो. पावती फाडतो.